ब्लॅकी : झिजेतून घडलेली गिटार

जुन्या वाद्यांच्या बाजारात किंमत ठरवताना कारागिराचे नाव, लाकडाची प्रत, दुर्मीळता आणि मूळ अवस्था हे निकष पिढ्यान्‌पिढ्या लावले जातात. यांतील एकही निकष धडपणे लागू पडणार नाही असे एक वाद्य २४ जून २००४ रोजी न्यूयॉर्कमधील क्रिस्टीज या लिलावगृहात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरांना विकले गेले आणि तोपर्यंत लिलावात आलेल्या सर्व गिटारींमध्ये ते सर्वांत महाग ठरले. इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ या नावाने ओळखली जाणारी ही काळी इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात तयार झालेली होती, तिच्यासारख्या हजारो गिटारी त्याच कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या आणि मुख्य म्हणजे ती एक गिटारही नव्हती, कारण तिचे निरनिराळे भाग तीन वेगवेगळ्या गिटारींमधून काढून एकत्र जोडलेले होते. तरीही तिला मिळालेली किंमत हा निव्वळ कीर्तीचा चमत्कार मानणे अपुरे ठरते. त्या किमतीमागे कारखान्याची वस्तू एका माणसाच्या हातात हळूहळू कशी बदलत गेली याचा इतिहास आहे, आणि त्याच इतिहासातून पुढे एका नव्या गिटारीचा जन्म झाला.

ब्लॅकी जिच्या भागांतून बनली ती ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही गिटार कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५४ मध्ये बाजारात आणली. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, आणि त्यामुळेच असेल, वाद्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी परंपरागत कारागिराची नव्हती. व्हायोलिनच्या किंवा पोकळ गिटारीच्या घडणीत दांडी वाद्याच्या अंगात सरसाने कायमची बसवलेली असते आणि ती बिघडली तर कुशल कारागिरावाचून गत्यंतर नसते. फेंडर यांनी मात्र भरीव लाकडाचे अंग आणि मेपल लाकडाची दांडी वेगवेगळी तयार करून ती चार स्क्रूंनी जोडली. एक दांडी खराब झाली तर स्क्रू काढून दुसरी बसवावी, तीन पिकअप ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेले असतात ती पट्टी तशीच उचलून बदलावी, असा हा व्यवहारी विचार होता. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे देऊन केलेले वेटोळे. पोलादी तार त्यावर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन ध्वनीच्या रूपाने बाहेर पडतो. अंग भरीव असले तरी लाकूड, दांडीची जाडी आणि तारांचा ताण यांचा परिणाम वादकाच्या हाताला जाणवतोच, परंतु कुठलाही भाग दुसऱ्या कुठल्याही स्ट्रॅटोकास्टरला बसतो हे या गिटारीच्या रचनेचे मूळ तत्त्व आहे, आणि ब्लॅकीचा जन्म याच तत्त्वामुळे शक्य झाला.

बाजाराने मात्र पुढे या तत्त्वाच्या नेमका उलटा नियम केला. लिओ फेंडर यांनी जानेवारी १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली. त्यानंतरच्या मालाचा दर्जा घसरला अशी समजूत वादकांमध्ये पसरली, ती बऱ्याच अंशी साधारही होती, आणि त्यामुळे विक्रीपूर्वीच्या गिटारींना ‘सीबीएसपूर्व’ असे बिरुद मिळून त्यांचे भाव चढू लागले. या बाजारात मूळपण हाच सर्वोच्च गुण ठरतो. दांडी सोडवून तिच्या टोकावर कारखान्यातील कामगाराने पेन्सिलीने लिहिलेली तारीख वाचली जाते, ती अंगाच्या वयाशी जुळते की नाही हे पाहिले जाते, आतल्या तारांचे झाळकाम कोणी उकललेले नाही याची खात्री केली जाते. अंगावरचा रंग नंतर कोणी नव्याने दिला असेल, तर किंमत साधारण निम्म्यावर येते असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे. आणि एका गिटारीचे अंग, दुसरीची दांडी, तिसरीचे पिकअप असा मेळ घातलेली गिटार तर संग्राहकाच्या लेखी जेमतेम सुट्या भागांच्या किमतीची असते. या नियमाने पाहिले असता ब्लॅकीचा क्रम बराच खालचा लागला असता.

क्लॅप्टन यांनी हे भाग गोळा केले त्या काळात हा बाजार बाल्यावस्थेत होता. १९७० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना नॅशव्हिल शहरातील शो-बड या दुकानात त्यांना जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी आढळल्या. हे दुकान मुख्यतः कंट्री संगीतात वाजणाऱ्या पेडल स्टील गिटारींसाठी प्रसिद्ध होते, आणि स्ट्रॅटोकास्टरची तेव्हा फारशी चलती नसल्याने त्या अगदी स्वस्तात मिळत होत्या. क्लॅप्टन यांनी सहा गिटारी विकत घेतल्या. त्यांपैकी एकेक त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या वादक मित्रांना भेट दिली. उरलेल्या तिन्हींमधील सर्वांत चांगले ते निवडून नॅशव्हिलचे कारागीर टेड न्यूमन जोन्स यांच्या हातून एक गिटार तयार करवून घेतली. अंग १९५६ चे, दांडी १९५७ ची, असा तो मेळ होता. दांडीची निवड विशेष महत्त्वाची, कारण पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर फेंडर कारखाना काही काळ अशा दांड्या करत असे की ज्यांची पाठ गोलाकार नसून मधोमध हलकीशी उंचावलेली, बोथट केलेल्या कोनासारखी असे. अंगठा दांडीवरून पलीकडे आणून तार खेचणाऱ्या, ब्लूज शैलीत वाढलेल्या वादकाच्या तळहाताला तो कोन नेमका आधार देतो. म्हणजे ब्लॅकी तयार होतानाच एका विशिष्ट हाताचे माप घेऊन तयार झाली होती, जरी ते माप घेण्याचे साधन कानस किंवा पटाशी नसून निवड हे होते.

१३ जानेवारी १९७३ रोजी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेल्या मैफलीत ही गिटार प्रथम लोकांसमोर आली. हेरॉइनच्या व्यसनात सापडून क्लॅप्टन तोपर्यंत बराच काळ व्यासपीठापासून दूर गेले होते आणि त्यांना पुन्हा वाजते करण्यासाठीच टाउनशेंड यांनी ही मैफल घडवून आणली होती. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ब्लॅकी हे त्यांचे मुख्य वाद्य राहिले. १९७४ चा ‘४६१ ओशन बुलेव्हार्ड’, १९७७ चा ‘स्लोहँड’, डिसेंबर १९७९ मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहात ध्वनिमुद्रित झालेला ‘जस्ट वन नाइट’ या संग्रहांचा काळ तिचाच. जुलै १९८५ मध्ये फिलाडेल्फिया येथे झालेल्या ‘लाइव्ह एड’ मैफलीतही तीच त्यांच्या गळ्यात होती. एखादा व्यावसायिक वादक दौऱ्यावर अनेक गिटारी नेतो आणि गाण्यागणिक बदलतो, ही आजची रीत लक्षात घेता एकाच वाद्यावर इतकी वर्षे विसंबणे असाधारण होते, आणि त्याचे परिणाम वाद्यावर उमटणे अपरिहार्य होते.

हे परिणाम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. मेपलच्या एकसंध दांडीवर लाकडाचे छिद्र बंद करणारे पारदर्शक लाखी रोगण दिलेले असते. बोटांच्या दाबाने आणि घामाने ते प्रथम ज्या स्वरस्थानांवर वादक वारंवार जातो तेथे उडते, मग उघड्या लाकडात मळ शिरतो आणि तेवढे ठिपके काळवंडतात, त्यामुळे जुन्या दांडीकडे पाहून तिच्या मालकाला कोणती स्थाने प्रिय होती हे जाणकाराला सांगता येते. सतारीच्या पडद्यांप्रमाणे गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार त्यांच्यावर सतत घासल्याने त्यांत खाचा पडतात, त्या बदलाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी बदलताना खालचे लाकूडही थोडे रंधून सपाट करावे लागते. ब्लॅकीच्या दांडीच्या कडा अशा झिजल्या की पहिली आणि सहावी तार काठावर येऊन ठेपली. खुंट्या जेथे असतात त्या हेडस्टॉकवर जळाल्याचा डाग आहे, कारण वाजवत असताना पेटती सिगारेट तारेच्या मोकळ्या टोकाला खोचून ठेवण्याची क्लॅप्टन यांची सवय होती. स्ट्रॅटोकास्टरला एक ट्रेमोलो दांडा असतो, तो दाबला की तारांचा ताण सैल होऊन स्वर लवतो. क्लॅप्टन यांना त्याचा उपयोग नव्हता, म्हणून मागच्या स्प्रिंगा घट्ट आवळून आणि आत लाकडाचा ठोकळा अडकवून तो निश्चल केलेला होता. या साऱ्या खुणांत हौसेने केलेली सजावट कुठेही नाही. सिगारेटचा डाग वगळता प्रत्येक खूण कामातून आलेली आहे, आणि तो डागदेखील कामाच्या तंद्रीतच पडलेला आहे.

१९८५ च्या सुमारास ब्लॅकीची दांडी आणखी एकदा फ्रेट बदलणे सोसू शकेल की नाही अशी शंका उत्पन्न झाली. दांडी बदलणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे होते, चार स्क्रूंचे काम. परंतु या गिटारीत बदलता येणार नाही असा तोच एक भाग होता, कारण वादकाच्या दृष्टीने दांडी हेच वाद्य होते. फेंडर कंपनीचा इतिहास नेमका याच वेळी पालटत होता. बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली कंपनीतील लोकांनीच १९८५ मध्ये ती सीबीएसकडून १ कोटी २५ लाख डॉलरांना विकत घेतली होती आणि गमावलेला विश्वास परत मिळवण्याची त्यांना निकड होती. कंपनीचे डॅन स्मिथ यांनी क्लॅप्टन यांच्यापुढे त्यांच्या नावाची गिटार काढण्याचा प्रस्ताव ठेवला.

वादकाच्या नावाने निघालेल्या गिटारीला ‘सिग्नेचर मॉडेल’ म्हणतात. ही प्रथा जुनी आहे: गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकात निक लुकस या गायक-गिटारवादकाच्या नावाची गिटार काढली होती, आणि १९५२ मध्ये लेस पॉल यांच्या नावाने काढलेली भरीव गिटार तर इतकी रूढ झाली की ते एका माणसाचे नाव आहे याचा पुष्कळांना विसर पडला. यांतील बऱ्याच गिटारी जाहिरातीच्या गरजेतून जन्मल्या. क्लॅप्टन यांच्या बाबतीत गरज वादकाची होती. झिजून चाललेल्या वाद्याचा वारस त्यांना हवा होता. त्यांची मुख्य मागणी दोन गोष्टींची होती, दांडीची पाठ ब्लॅकीसारखी असावी, आणि हवे तेव्हा आवाज भरदार, दाटलेला व्हावा. दुसरी मागणी पुरी करण्यासाठी अभियंत्यांनी गिटारीच्या आत बॅटरीवर चालणारा एक छोटा वर्धक बसवला, जो एका कळीने मधल्या पट्टीतील ध्वनी २५ डेसिबलपर्यंत वाढवतो, म्हणजे एका वेटोळ्याच्या पातळ, टोकदार आवाजाच्या पिकअपमधून दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपसारखा गुबगुबीत आवाज काढता येतो. पिकअप लेस सेन्सर नावाचे, विजेची घरघर कमी पकडणारे होते. ट्रेमोलो कारखान्यातूनच निश्चल करून येत असे. १९८८ मध्ये ही ‘एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर’ बाजारात आली. फेंडर कंपनीचे हे पहिले सिग्नेचर मॉडेल. सुरुवातीच्या रंगांत करडा, लाल आणि हिरवा होता, पण काळा नव्हता; तो काही वर्षांनी आला. नंतर पिकअप बदलले, दांडीचा आकार मात्र तोच राहिला.

ब्लॅकी विकण्याचा निर्णय पैशासाठी नव्हता. क्लॅप्टन यांनी १९८२ मध्ये मिनेसोटातील हेझेल्डन या केंद्रात दारूच्या व्यसनावर उपचार घेतले, काही वर्षांनी त्यांना पुन्हा तेथे जावे लागले, आणि त्या अनुभवातून १९९८ मध्ये त्यांनी कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर ‘क्रॉसरोड्स सेंटर’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. केंद्राच्या निधीसाठी जून १९९९ मध्ये त्यांनी शंभर गिटारी क्रिस्टीजकडे दिल्या. त्यांत ‘लैला’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात वाजलेली ‘ब्राउनी’ ही १९५६ ची स्ट्रॅटोकास्टर होती, तिला ४ लाख ९७ हजार ५०० डॉलर मिळाले आणि सिएटलच्या संगीत संग्रहालयाने ती घेतली. ब्लॅकी मात्र त्या वेळी त्यांच्याच्याने देववली नाही. ती २००४ च्या दुसऱ्या लिलावात आली. त्याच दिवशी त्यांची १९६४ ची चेरी रंगाची गिब्सन ईएस-३३५ ही गिटार ८ लाख ४७ हजार ५०० डॉलरांना गेली. या दोन्ही गिटारी ‘गिटार सेंटर’ या अमेरिकी दुकानसाखळीने घेतल्या. धर्मादाय लिलावात बोली नेहमीपेक्षा चढते हे खरे, आणि व्यापारी खरेदीदाराला प्रसिद्धीचाही लाभ होतो. तरी एवढ्याने आकड्याचा पूर्ण उलगडा होत नाही, कारण याच लिलावात याच माणसाच्या, याच कारणासाठी विकल्या गेलेल्या कितीतरी अधिक ‘मूळ’ गिटारींपैकी एकही ब्लॅकीच्या पुढे गेली नाही.

येथेच झिजेचे दुसरे कार्य ध्यानात येते. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याच्या पुराव्यांच्या साखळीला लिलावाच्या व्यवहारात मोठे महत्त्व असते; कागदपत्रे, पावत्या, पेटीवरची लेबले यांतून ती जुळवली जाते. प्रसिद्ध वादकाच्या गिटारीबाबत सर्वांत भक्कम पुरावा छायाचित्रांचा. लाकडाच्या रेषा, रंग उडालेली जागा, स्क्रूचे डोके, टवका, डाग हे सारे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता येते आणि दोन गिटारींवर ते कधीच सारखे पडत नाहीत. कारखान्यातून आली तेव्हा जी गिटार इतरांपासून केवळ क्रमांकाने वेगळी होती, तिला झिजेने ओळख दिली. मूळपणाचा बाजारी नियम म्हणूनच येथे गैरलागू ठरला, कारण त्या नियमाचा हेतू वस्तू कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी जपली गेल्याची हमी देणे हा आहे, आणि ब्लॅकीचे सारे मोल ती तशी राहिली नाही यात आहे.

हाच प्रत्यय पुढे अन्य गिटारींनीही दिला. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी सुटे अंग आणि सुटी दांडी जोडून केलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ हीसुद्धा मिश्र गिटार. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची दांडी, पिकअप, कळा यांत इतके बदल झाले होते की कारखान्याचे असे तिच्यात थोडेच उरले होते. तिच्यावर बेतलेले सिग्नेचर मॉडेल २००८ मध्ये निघाले, आणि २० जून २०१९ रोजी क्रिस्टीजने जिचा अंदाज १ ते दीड लाख डॉलरांचा बांधला होता ती मूळ गिटार ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली. तो निधी हवामानबदलाविरुद्ध कायदेशीर लढा देणाऱ्या क्लायंटअर्थ या संस्थेला मिळाला.

ब्लॅकी हाती आल्यावर गिटार सेंटरने फेंडरच्या कस्टम शॉपबरोबर, म्हणजे निवडक कारागीर मागणीबरहुकूम गिटारी घडवतात त्या विभागाबरोबर, २००६ मध्ये तिच्या २७५ प्रतिकृती काढल्या. प्रत्येकीची किंमत २४ हजार डॉलर होती, आणि त्या एका दिवसात संपल्या. नव्या गिटारीला जुनी भासवण्याची कला या विभागाने १९९५ पासून व्यापारी प्रमाणावर विकसित केली होती: रंग पॉलिश पेपराने घासायचा, तापमान झपाट्याने बदलून रोगणाला बारीक भेगा पाडायच्या, धातूचे भाग रसायनाने निस्तेज करायचे. ब्लॅकीच्या प्रतिकृतींत दांडीवरची झीज, अंगावरचे टवके आणि हेडस्टॉकवरचा सिगारेटचा डागही उतरवला गेला. कारागिरांचे कौशल्य यात निर्विवाद आहे, आणि उत्पन्नाचा काही भाग अँटिग्वाच्या केंद्राला गेला हेही मोलाचे आहे. तथापि ज्या खुणा एका हाताच्या बारा वर्षांच्या श्रमातून पडल्या, त्या सारख्याच मापाने २७५ वेळा पाडल्यावर त्यांतील एकही खूण कोणाच्या वादनाविषयी काही सांगत नाही. १९८८ च्या सिग्नेचर मॉडेलवर एकही ओरखडा नव्हता, तरी ब्लॅकीचा खरा वारसा त्याच्याकडे गेला असे मानावे लागते. क्लॅप्टन यांच्या तळहाताने जे शोधून काढले होते, दांडीचा तो कोन, निश्चल ट्रेमोलो, दाट आवाजाची ओढ, ते सारे त्याने कोणाही नवख्या वादकाच्या हाती दिले, आणि आपली झीज आपणच घडवण्याची मोकळीकही दिली.

संग्रहालयाच्या काचेमागे गेलेले वाद्य मुके होते, ही तक्रार अशा प्रत्येक लिलावानंतर होते आणि ती मनाला लागतेही. ब्लॅकीच्या बाबतीत तिचा जोर थोडा कमी होतो, कारण ती बाजारात येण्यापूर्वीच वाजण्याच्या पलीकडे झिजत आली होती. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने रॉक संगीतातील वाद्यांचे मोठे प्रदर्शन भरवले तेव्हा ब्लॅकी आणि फ्रँकेन्स्टाइन या दोन्ही जोडाजोडीच्या गिटारी तेथे मांडल्या गेल्या, आणि ज्या दांडीच्या कडा पूर्वी फक्त वादकाच्या बोटांना ठाऊक होत्या त्या कोणालाही जवळून पाहता आल्या.

क्लॅप्टन स्वतः १९८८ नंतर बहुतांशी आपल्याच नावाच्या गिटारी वाजवू लागले आणि त्यांपैकी काही पुन्हा लिलावाच्या मार्गाला लागल्या. न्यूयॉर्कचे भित्तिचित्रकार जॉन मॅटोस, ऊर्फ क्रॅश, यांनी भडक रंगांत रंगवलेली एक एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर त्यांनी मैफलींत वाजवली होती. २००४ च्या ज्या लिलावात ब्लॅकी गेली त्याच लिलावात तिला ३ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. तीच दांडी, तेच पिकअप आणि तोच वर्धक असलेली साधी एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर त्या दिवशीही अमेरिकेतील वाद्यांच्या दुकानांत टांगलेली होती, आणि तिची किंमत या आकड्याच्या शतांशाहूनही कमी होती.